राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार : निवड आणि मतभेद

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार : केंद्र शासनाच्या माहिती व प्रसारण मंत्रालयातर्फे भारतीय चित्रपटांना आणि त्यांतील कलावंत-तंत्रज्ञांना दरवर्षी देण्यात येणारे पुरस्कार. विजेत्यांच्या याद्या सहज उपलब्ध असल्याने त्या येथे दिलेल्या नाहीत. निवडीची पद्धत, तिच्यावरून झालेले वाद आणि ‘पुरस्कार मिळाला म्हणजे चित्रपट पाहण्याजोगा असतो का’ हा जुना प्रश्न यांचा, मुख्यतः मराठी चित्रपटांच्या अनुषंगाने, येथे परामर्श घेतला आहे.

आरंभ : या पुरस्कारांचे पहिले वर्ष संदर्भग्रंथांत कधी १९५३, तर कधी १९५४ असे आढळते. पहिला वितरण सोहळा १० ऑक्टोबर १९५४ रोजी नवी दिल्ली येथे झाला. मात्र त्यात गौरवलेले चित्रपट १९५३ सालचे होते. क्रमांक लावताना चित्रपटांचे वर्ष धरले जाते, म्हणून ‘पहिले’ पुरस्कार १९५३ चे. बातमी लिहिणारे सोहळ्याचे वर्ष धरतात, म्हणून ते १९५४ चे. हा घोळ पुढेही कायम राहिला. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’चे सुवर्णकमळ (सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार) काही लेखांत २००३ चे म्हणून नोंदले आहे, काहींत २००४ चे. अलीकडे हे अंतर आणखी वाढले : २०२० च्या चित्रपटांचे पुरस्कार २०२२ मध्ये, २०२१ चे २०२३ मध्ये, तर २०२३ चे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे नुसते साल देण्यापेक्षा पुरस्कारांचा क्रमांक (उदा., एक्कावन्नावे, बासष्टावे) देणे अधिक सुरक्षित.

पुरस्कारांची मूळ प्रेरणा कोणती, याविषयी एकवाक्यता नाही. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. चित्रपटशिक्षणाची संस्था, चित्रपटांना कर्जपुरवठा करणारे महामंडळ अशा पुढील काळातील बऱ्याच गोष्टींचे मूळ या अहवालात दाखवले जाते आणि पुरस्कारही त्याच ओळीत बसवण्याची प्रथा आहे. काळाचा क्रम पाहता ते अशक्य नाही. तथापि पुरस्कारांमागची वृत्ती समजून घ्यायची, तर त्या काळातील माहिती व नभोवाणी खात्याकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. १९५२ ते १९६२ या काळात खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. चित्रपटाच्या लोकप्रियतेविषयी शंका बाळगणाऱ्या याच खात्याने चित्रपटांना पदके देण्यास सुरुवात केली, ही वस्तुस्थिती पुढच्या बहुतेक वादांची किल्ली आहे. लोकांना काय आवडते हे नोंदवण्यासाठी पदक नव्हते. लोकांना काय आवडावे हे सुचवण्यासाठी होते. पुरस्कारांच्या अधिकृत उद्दिष्टांतही कलात्मक व तांत्रिक गुणवत्ता, सामाजिक आशय, विविध प्रदेशांच्या संस्कृतींचा परिचय आणि राष्ट्रीय एकात्मता यांचा उल्लेख आहे, करमणुकीचा नाही.

पहिली निवड : सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक प्र. के. अत्रे दिग्दर्शित ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटात माधव वझे यांनी श्यामची आणि वनमाला यांनी आईची भूमिका केली होती. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. याच वर्षी, मार्च १९५४ मध्ये, मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर नियतकालिकाच्या पुरस्कारांचा पहिला सोहळा झाला. वाचकांची मते मागवून ठरवलेल्या या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो ‘दो बिघा जमीन’.

एकाच वर्षात शासनाने एक चित्रपट निवडला आणि वाचकांनी दुसरा, असे या घटनेचे वर्णन अनेकदा केले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. फिल्मफेअरच्या स्पर्धेत हिंदी चित्रपटच होते, त्यामुळे तेथे दोन्ही चित्रपट समोरासमोर आलेच नाहीत. शिवाय ‘दो बिघा जमीन’ हा काही गल्लाभरू चित्रपट नव्हता. कर्जापायी गाव सोडून कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. म्हणजे वाचकांनी निवडला तोही वास्तववादी चित्रपटच. उलट ‘श्यामची आई’ला महाराष्ट्रात भरपूर प्रेक्षक लाभला होता. शासन विरुद्ध जनता हा नंतरच्या काळात रूढ झालेला साचा या पहिल्या वर्षावर लादणे योग्य होणार नाही. हिंदी समीक्षेत ‘दो बिघा जमीन’ डावलला गेल्याची हळहळ अधूनमधून व्यक्त होते; मराठीत ती सहसा ऐकू येत नाही, याचे कारण सांगायला नको.

दुसऱ्या वर्षापासून प्रादेशिक भाषांसाठी स्वतंत्र रौप्यपदके देण्यात येऊ लागली. मराठीसाठीचे पदक पुन्हा अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला मिळाले. अभिनय आणि दिग्दर्शनासाठी वैयक्तिक पुरस्कार मात्र १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. उत्तम कुमार, नर्गिस आणि सत्यजित राय हे अनुक्रमे पहिले विजेते होत. चित्रपटसृष्टीतील आजीव कार्यासाठी असलेला दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासूनचा. त्याची निवड वेगळ्या पद्धतीने होते.

प्रमाणपत्राचा नियम : पुरस्कारासाठी पात्र ठरण्यास चित्रपट त्या वर्षी प्रदर्शित झालेला असावा लागत नाही, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात त्याला चित्रपट प्रमाणन मंडळाचे (बोलीभाषेत सेन्सॉरचे) प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते. वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या या अटीचे परिणाम दूरवर पोचले आहेत. निर्माते डिसेंबरअखेर घाईने प्रमाणपत्र मिळवतात आणि चित्रपटगृहे मिळण्याची वाट पुढच्या वर्षी पाहतात. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’मधील भूमिकेसाठी रिंकू राजगुरू यांना विशेष उल्लेखाचा मान मिळाल्याचे मार्च २०१६ मध्ये जाहीर झाले, तेव्हा चित्रपट प्रदर्शित व्हायला महिनाभर अवकाश होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे सुवर्णकमळ मार्च २०१५ मधले, चित्रपटगृहांतले आगमन एप्रिलमधले. ‘धग’ला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा (शिवाजी लोटन पाटील) आणि अभिनेत्रीचा (उषा जाधव) पुरस्कार २०१३ मध्ये जाहीर झाला, सर्वसामान्य प्रेक्षकाला तो पाहायला मिळाला २०१४ मध्ये.

परिणामी, पुरस्काराची बातमी येते तेव्हा निवड बरोबर की चूक हे ठरवण्याची सोयच बहुतेकांना नसते. मत मात्र लगेच तयार होते. पुढे चित्रपट लागतो तेव्हा जाहिरातीत नावाच्या वर पानांच्या दोन डहाळ्यांमध्ये ‘राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त’ असे झळकत असते आणि तिकीट काढणारा त्याचा अर्थ ‘संथ असणार’ किंवा ‘चांगला असणार’ यांपैकी आपल्या पूर्वानुभवानुसार लावतो. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी दाखवल्या जाणाऱ्या प्रादेशिक चित्रपटांनी हा पूर्वानुभव घडवण्यात मोठा वाटा उचलला असावा. मल्याळम, कन्नड, बंगाली, असमिया भाषांतले उत्तमोत्तम चित्रपट त्यामुळे मराठी घरांत पोचले. जेवणानंतरच्या गुंगीत, उपशीर्षके वाचत पाहिल्याने ‘अवॉर्डवाला पिक्चर’ म्हणजे काय याविषयीची विनोदबुद्धीही त्यातूनच आली. (या चित्रपटांचे खरे चाहतेही त्याच दुपारींनी तयार केले, हे विनोद करणारे विसरतात.)

परीक्षक मंडळ : प्रारंभीच्या काळात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील प्रादेशिक समित्या शिफारस करीत आणि दिल्लीची केंद्रीय समिती निर्णय घेई. पुढे एकच मंडळ सर्व चित्रपट पाहू लागले. प्रवेशिका वाढल्यावर श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार सत्तावन्नाव्या पुरस्कारांपासून पुन्हा दोन टप्पे आले : पाच प्रादेशिक मंडळे प्राथमिक निवड करतात आणि त्यांचे अध्यक्ष केंद्रीय मंडळात बसतात. ही सुधारणा नवी म्हणून मांडली गेली असली, तरी तिचा गाभा जुनाच आहे.

कोणत्याही विभागात लायक चित्रपट नसल्यास पुरस्कार न देण्याची मुभा मंडळाला असते. १९७८ च्या चित्रपटांपैकी एकालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ देण्यात आले नाही. त्याउलट २०११ च्या पुरस्कारात ते विभागून देण्यात आले : उमेश कुलकर्णी दिग्दर्शित मराठी ‘देऊळ’ आणि ब्यारी भाषेतील ‘ब्यारी’ यांना. मंडळ विजेत्यांच्या गुणांचे एक-दोन वाक्यांचे मानपत्र प्रसिद्ध करते. हरलेल्यांत काय उणे होते ते कळत नाही. तर्ककुतर्कांना जागा राहते ती येथेच. चौसष्टाव्या पुरस्कारांत ‘रुस्तम’साठी अक्षय कुमार यांची निवड झाली तेव्हा त्यांना अनेक चित्रपटांत दिग्दर्शित केलेले प्रियदर्शन हे मंडळाचे अध्यक्ष होते आणि टीका या संबंधावर झाली, अभिनयावर त्या मानाने कमी. आशुतोष गोवारीकर यांच्या अध्यक्षतेखालील एकाहत्तराव्या पुरस्कारांच्या मंडळाने ‘द केरला स्टोरी’ला दिग्दर्शनाचा पुरस्कार दिला, त्यावर केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध नोंदवला. येथे वाद गुणवत्तेचा नव्हता, चित्रपट काय सांगतो याचा होता.

लोकप्रियतेचा वेगळा कप्पा : १९७५ च्या चित्रपटांपासून ‘निकोप मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट’ असा विभाग करण्यात आला. हा कप्पा वेगळा काढल्याने लोकप्रिय चित्रपटांचा सन्मान झाला, असे एक मत. सर्वोत्कृष्ट चित्रपट लोकप्रिय असणार नाही हे गृहीत धरले गेले, असे दुसरे. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. पहिल्याच वर्षी हा मान ‘तपस्या’ला मिळाला, त्याच १९७५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘शोले’ त्यात बसला नाही, कारण ‘लोकप्रिय’च्या आधी ‘निकोप’ ही अट होती. खासगी पुरस्कारांनी तरी ‘शोले’ला न्याय दिला का, तर फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पुरस्कार मिळाला, संकलनाचा, आणि तो मिळवणारे मा. स. शिंदे मराठी होते. ‘बाहुबली’च्या पहिल्या भागाला २०१५ चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाल्यावर ही भिंत पडली असे म्हटले गेले. पुढच्याच वर्षी ते सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या नैराश्याविषयीच्या मितभाषी मराठी चित्रपटाला गेले.

मराठीतील पडसाद : ‘श्यामची आई’नंतर दुसऱ्या मराठी चित्रपटाला हे सर्वोच्च पदक मिळण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे अर्धशतक वाट पाहावी लागली. शांतारामांचा ‘दो आँखे बारह हाथ’ मधल्या काळातला. परंतु तो हिंदी. ‘श्वास’पासून ‘कासव’पर्यंत चार मराठी चित्रपटांना हा मान मिळाला. त्यावरून मराठी चित्रपटाचे पुनरुत्थान झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो आशयाच्या बाबतीत मान्य व्हावा. चित्रपटगृहांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ‘श्वास’ ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला तेव्हा अमेरिकेतील प्रसिद्धीचा खर्च भागवण्यासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. हे प्रेम अपवादात्मक ठरले. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा द्याव्यात म्हणून एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाला हस्तक्षेप करावा लागला, त्याच महिन्यात ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला होता. सकाळी सव्वा अकराचा एकमेव खेळ असेल, तर पुरस्कारप्राप्त चित्रपट लोक पाहत नाहीत या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

‘कोर्ट’विषयी प्रेक्षकांची मते टोकाची होती. स्थिर कॅमेरा, न्यायालयातील रटाळ वाचन तसेच्या तसे ठेवणे आणि न्यायालयाला उन्हाळी सुटी लागल्यानंतरही चित्रपट चालू राहणे यांना काहींनी कंटाळवाणे म्हटले, काहींनी नेमके तेच त्याचे सामर्थ्य मानले. दोन्ही पक्षांनी पाहिलेले दृश्य एकच होते. समीक्षकांच्या लेखनात दुसऱ्या पक्षाचे पारडे जड असले, तरी पहिल्या पक्षाचे लेखी पुरावे स्वाभाविकच कमी आहेत.

राज्य शासनाचे मराठी चित्रपट पुरस्कार १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले असून त्यांचे निकष व वाद स्वतंत्र नोंदीचा विषय आहेत.

नकार व बहिष्कार : खासगी पुरस्कारांतील गाजलेले उदाहरण प्राण यांचे. ‘बेईमान’मधील सहायक भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांनी नाकारला, कारण संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’चे दिवंगत संगीतकार गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता असे त्यांचे मत होते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या बाबतीत ऑक्टोबर २०१५ मध्ये आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी प्रभृतींनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील आंदोलनास पाठिंबा म्हणून आणि वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ आपले पुरस्कार परत केले. ३ मे २०१८ रोजीच्या सोहळ्यात राष्ट्रपती केवळ अकरा पुरस्कार देतील व उरलेले मंत्री देतील, असे आदल्या दिवशी कळल्यावर पन्नासहून अधिक विजेते गैरहजर राहिले. पुरस्काराचे मोल रकमेत नव्हे, तो कोणाच्या हातून मिळतो यात आहे, असे विजेत्यांपैकी अनेकांनी सांगितले.

अलीकडील बदल : पुरस्कारांचे काम १९७३ पासून चित्रपट महोत्सव संचालनालयाकडे होते, २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सत्तराव्या पुरस्कारांपासून पदार्पणाच्या चित्रपटासाठीच्या पुरस्कारातील इंदिरा गांधी यांचे आणि राष्ट्रीय एकात्मतेसाठीच्या पुरस्कारातील नर्गिस दत्त यांचे नाव वगळण्यात आले. सुवर्णकमळाची रक्कम तीन लाख, रजतकमळाची दोन लाख आणि फाळके पुरस्काराची पंधरा लाख रुपये करण्यात आली आहे.