जलरंगावर पेन्सिल फिरवली म्हणजे लबाडी?

जलरंगाच्या चित्रात शाई किंवा रंगीत पेन्सिल वापरली की ते ‘शुद्ध’ राहत नाही, ती पळवाट आहे, असं नवशिक्यांना हमखास ऐकवलं जातं. यात तथ्य नाही. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ मध्ये रंगवलेला ससा बघा: पारदर्शक जलरंगाच्या थरावर अपारदर्शक रंगाने बारीक केस काढलेत. त्याला कोणी लबाड म्हणत नाही!

खरी अडचण असते ती क्रमाची. रंगीत पेन्सिलीत मेण किंवा तेल असतं. ती आधीच दाट घासली तर वरून दिलेला जलरंग थेंबाथेंबाने गोळा होतो, कागदाला नीट लागतच नाही. म्हणून आधी जलरंगाचे पातळ हात द्यायचे आणि कागद पूर्ण वाळला की मग पेन्सिल. सफरचंदाच्या सालीवरचे बारीक ठिपके, सावलीच्या कडेची हलकी जांभळी झाक पेन्सिलीनेच नेमकी साधते. शाई जलरोधक असेल तर आधीही चालते, पण ती सुकू द्या. नाहीतर रेघ फुटते आणि शेजारचा रंग मळतो. आणि कृपा करून प्रत्येक कडेला काळी रेघ मारू नका, वास्तवदर्शीपणा तिथेच संपतो. गडद शाई फक्त खोल सावलीत, तीही तुटक.