जुन्या पिकअपची पुनर्बांधणी

पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली जुनी हलकी मालगाडी पूर्ण खोलायची, झिजलेले भाग बदलायचे, काही यंत्रणा आजच्या बसवायच्या आणि ती पुन्हा रोजच्या वापरात आणायची, असे या कामाचे स्वरूप. अमेरिकेत याच प्रकाराला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. नागपुरात गॅरेजवाले सरळ ‘गाडी बनवणे’ म्हणतात, आणि ते जास्त अचूक आहे.

प्रदर्शनासाठी जपलेल्या व्हिंटेज गाडीशी याची नेहमी गल्लत होते. जतन करणारा मूळ स्क्रू मिळेपर्यंत वर्षभर थांबतो. रोज चालवणाऱ्याला मे महिन्यातल्या भर दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी बंद पडायला नको, एवढेच हवे असते. कायदाही या दोघांत फरक करतो, आणि तो रोज चालवणाऱ्याच्या सोयीचा नाही.

गाड्या कुठून आल्या : कारखान्यातूनच हौदा लावून विकलेली पहिली पिकअप म्हणून फोर्डच्या मॉडेल टी वरील १९२५ च्या गाडीचे नाव घेतात. त्याआधी लोक मोटारीची मागची बाजू कापून तिथे लाकडी पेटी ठोकत. भारतात जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडीत जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो मालगाड्या निघू लागल्या. या अमेरिकी गाड्या आज फारच थोड्या उरल्या आहेत आणि त्यांचे सुटे भाग सोन्याच्या भावाने मिळतात.

खरी संख्या जीपच्या कुळातली. महिंद्राने १९४७ मध्ये विलीस जीप भारतात आणली. त्या कुळातल्या ‘हाय बॉनेट’ गाडीत २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असे. पेट्रोल महागल्यावर याच सांगाड्यात आधी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आले आणि पुढे २११२ सीसीचे प्युजो. पुढे बॉनेटच नसलेली, इंजिन दोन सीटच्या मध्ये घेऊन चालणारी ‘एफसी’ मालिका हीदेखील महिंद्राचीच. तिच्या केबिनमध्ये नागपुरी मे महिना काढणे ही वेगळीच तपश्चर्या आहे. वाळ्याचे पडदे लावूनही ती फारशी सुसह्य होत नाही. १९८८ मध्ये आलेली टाटामोबिल ही १९४८ सीसी डिझेलची पिकअप त्या मानाने अगदी अलीकडची, पण पहिल्या खेपेच्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे. बजाज टेम्पोच्या तीनचाकीने आणि १९६९ च्या मॅटाडोरने मराठीला ‘टेम्पो’ हा शब्द दिला. एका कंपनीचे नाव सगळ्या छोट्या मालगाड्यांना चिकटले, इतके की नवी पिकअप घेणारा शेतकरीही घरी ‘टेम्पो घेतला’ असेच सांगतो.

नागपूरच्या वाट्याला आणखी एक घराणे येते, लष्करी गाड्यांचे. कामठीची छावणी १८२१ ची. नागपूरहून उत्तरेला गेले की जबलपूर, आणि तिथल्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्याखाली जोंगा व वन-टन या गाड्या बनत. ‘जोंगा’ हे जपानी नाव नव्हे, जबलपूरच्या आयुध व तोफगाडा जुळणीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षे ती बनली. जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन लष्कराला परवडे. लिलावात गाडी घेणाऱ्याला दुसऱ्याच पंपावर ते नकोसे होते. म्हणून नागरी वापरातल्या पुष्कळ जोंगांच्या पोटात आज डिझेल इंजिन आहे. लष्करी हिरवा रंग मात्र ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांना आहे, आणि हौशी माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते.

कारागीर : कामठी रोडवर एका चौकाचे नावच ऑटोमोटिव्ह चौक आहे, मेट्रोचे स्टेशनही त्याच नावाचे. वाडी हा दुसरा मालवाहतुकीचा पट्टा. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना असल्यामुळे लेथवर बुश, पिन किंवा शाफ्ट घडवून देणारे हात शहरात सापडतात. जुन्या गाडीला याचे मोल फार, कारण तिचा अर्धा माल दुकानात मिळत नाही, तो करून घ्यावा लागतो. इंजिन मिस्त्री, डेंटर, इलेक्ट्रिशियन, पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) कारागीर आणि रेडिएटरवाला ही पाच वेगवेगळी माणसे असतात. त्यांची गाठ घालून देण्यातच मालकाचा निम्मा वेळ जातो. सगळे एका छताखाली करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी टाकली, तर ती पोळ्याला जाते आणि होळीला परत येते.

उष्णता : नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. शीतकरण ही इथे चैन नाही, पहिले काम आहे. जुने रेडिएटर तांबे-पितळेचे असतात, त्यामुळे ते उघडून, नळ्यांतून सळई फिरवून साफ करता येतात, गरज पडली तर नवा जाड कोअर डाखून घेता येतो. त्या नळ्या बुजतात त्या विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने. त्यात क्षार जास्त, म्हणून शुद्ध पाणी आणि कूलंट यांचेच मिश्रण भरावे. दाबाचे झाकण नीट बसत असेल तर दर एक पाउंड दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. दहा-वीस रुपयांच्या रबरी रिंगेवर कित्येक इंजिनांचे आयुष्य टेकलेले असते. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर बहुतेक गाड्यांतून हरवलेला असतो. तो नसला की सिग्नलवर उभ्या गाडीचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनावरचीच गरम हवा फिरवत राहतो.

मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात. ‘नागपुरात काय करायचा?’ हा त्यांचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण डिसेंबरातल्या पहाटे काटोलहून निघालेले इंजिन मग पंधरा-वीस किलोमीटर थंडच चालते, तेल नीट पातळ होत नाही आणि सिलिंडर घासतो. थर्मोस्टॅट ठेवावा.

पेट्रोल गाडीचे दुखणे वेगळे. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढू शकत नाही आणि गाडी बसते. पंपावर ओले फडके टाकायचा उपाय पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. टाकीजवळ छोटा विजेचा पंप बसवला आणि नळी सायलेन्सरपासून दूर नेली की फडक्याची गरज संपते. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपातले रबरी पडदे फुगवते, पाणी शोषते, टाकीतला जुना गंज सुटा करून कार्ब्युरेटरमध्ये आणते. इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते नितीन गडकरी याच शहराचे खासदार. जुन्या कार्ब्युरेटरला मात्र त्याचे कौतुक नाही. नळ्या, गॅस्केट आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे लावून घेणे हाच मार्ग.

थांबणे आणि वळणे : रंगाआधी ब्रेक. यांतल्या बहुतेक गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम असतात आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग) एकेरी असतो. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाके हातची जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला की पुढचे आणि मागचे ब्रेक स्वतंत्र होतात; सगळ्या फेरफारांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा. पुढे नव्या पिकअपच्या डिस्क बसवणारे आता वाढले आहेत. डिस्कला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो आणि बूस्टरला निर्वात दाब. पेट्रोल इंजिन तो आपोआप देते, डिझेल देत नाही. म्हणून डिझेल गाडीत मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर घ्यावा लागतो. हे विसरून बूस्टर लावलेल्या गाड्या दिसतात, आणि त्यांचे ब्रेक पूर्वीपेक्षा जड झालेले असतात.

स्टिअरिंगला मूठभर ढिलाई असणे हे जुन्या जीपचे लक्षण मानले जाते. ते लक्षण नव्हे, किंगपिन, बुश आणि टाय-रॉडची टोके या स्टिअरिंगच्या सांध्यांची झीज आहे.

वेगाबद्दलही मालकाने आधीच समजूत करून घ्यावी. विलीस कुळातल्या गाड्यांचा मागच्या डिफरन्शियलचा रेशो पुष्कळदा ५.३८ असतो, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३८ फेरे. मूळ मापाच्या टायरवर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला २४०० च्या आसपास फिरते, ८० ला ३२०० च्या पुढे. ही गाडी शेतातून चिखलात ओझे ओढायला बनली होती, समृद्धी महामार्गासाठी नाही. कमी रेशोचा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) टाकला तर वेग सुसह्य होतो आणि चढावरची ताकद उतरते.

विजेचे काम थोडक्यात: डायनॅमो काढून अल्टरनेटर, कारण डायनॅमो गाडी उभी असताना बॅटरी भरत नाही, सहा व्होल्टची गाडी असेल तर बारा, लष्करी गाडीचे चोवीस असतील तर बल्ब आणि सेल्फ पाहूनच ठरवावे, आणि सगळी वायरिंग नवी, फ्यूजसकट. कापडी वेष्टणाची जुनी वायर उंदरांनी सोडली असली तरी ठेवू नये.

कायदा : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रस्त्यावर नियमित किंवा व्यापारी कामासाठी चालवता येत नाही. म्हणजे ज्याला गाडी रोज हवी आहे त्याने हा सन्मान घेऊच नये. त्याने साधी नोंदणीच जिवंत ठेवावी: खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, पिवळ्या पाटीची मालवाहू असेल तर ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. एकूण भारित वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, ही त्यातली दिलाशाची बाजू.

फेरफारांची सीमा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने आखली आहे. आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे उचलून धरले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी, गॅरेज नंतर. बंद जीपचा मागचा भाग कापून हौदा करणे हा बॉडीच्या प्रकारातला बदल आहे. ‘आधी बनवू, मग पाहू’ म्हणणाऱ्याला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते. चेसिस नंबरवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही लावू देऊ नये; रंगाखाली दडलेला नंबर शोधताना डेंटरने घाईत घासलेली गाडी कागदावर मेलेली असते. व्यवहाराआधी लिलावाची कागदपत्रे आणि जुनी तीन अक्षरी नोंदणी आरटीओच्या नोंदींशी ताडून पाहावी. एमएच-३१, ४० आणि ४९ या तीन मालिकांत नागपूर विभागलेले असल्यामुळे कोणत्या कार्यालयात जायचे हेही आधीच विचारलेले बरे.

बॉडी आणि हौदा : नागपूरची हवा कोरडी, म्हणून इथला पत्रा कोकणातल्या गाडीसारखा चाळण होत नाही. गंज धरतो तो ओल साचते तिथे: केबिनच्या दारांखाली, फाळक्याच्या बिजागरीपाशी आणि हौद्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या ओल्या पोत्यांखाली. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा. त्यावर जाड लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेली गाडी फोटोत छान येते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगते.

हौद्याला गॅरेजमध्ये ‘डाला’ म्हणतात. जुन्या पिकअपचा तळ लाकडी फळ्यांचा असे, आणि या एका बाबतीत नागपूरचा मालक डेट्रॉइटच्या मालकापेक्षा नशीबवान आहे: चंद्रपूर-गडचिरोलीचा साग जवळच मिळतो. फळ्या एकमेकींना चिकटवून बसवू नयेत. मधे काही मिलिमीटरची फट ठेवून तिच्यावर लोखंडी पट्टी बोल्टने दाबतात, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी हौद्याच्या बाजू फाकत नाहीत. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, उकळलेले जवसाचे तेल फळ्यांच्या खालूनही लावावे. खालची बाजू कोणी बघत नाही, पण रस्त्यावरचे पाणी तिथूनच उडते.