एकाच किटवरचे दोन निकाल: अँटिजेन आणि अँटिबॉडी

मांजराच्या रिपोर्टवर दोन ओळी असतात: एफईएलव्ही निगेटिव्ह, एफआयव्ही पॉझिटिव्ह. वाचणारा दोन्ही ओळी एकाच नजरेने वाचतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. किट एक, रक्ताचा थेंबही एकच, पण चाचण्या दोन जातींच्या आहेत. एफईएलव्ही, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया विषाणू, शोधताना त्या विषाणूचं पी२७ हे प्रथिन पकडलं जातं. ही झाली अँटिजेन चाचणी. एफआयव्हीच्या, म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूच्या, बाबतीत हे किट विषाणू शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधल्या जातात.

अँटिजेन चाचणी कोविडने सगळ्यांना शिकवली आहे. जंतूचा अंश नमुन्यात पुरेसा असेल तर रेघ उमटते, एवढंच. कुत्र्याच्या पिल्लांना जुलाब-उलट्या करणाऱ्या पार्व्हो विषाणूसाठीची विष्ठेची चाचणी याच जातीची. नमुना कशाचा, रेघ येते की ठिपका, किती मिनिटं थांबायचं, हे किटसोबतच्या कागदावर वाचावं.

खरी अडचण अँटिबॉडीची. ती कुठून आली, हे किटला कळत नाही. आजचा संसर्ग, कधीचा तरी बरा झालेला संसर्ग, लस किंवा आईचं दूध, रेघ सगळ्यांची सारखीच. एफआयव्ही झालेल्या मांजरीच्या पिल्लाला पहिल्या दुधातून तिच्या अँटिबॉडी मिळतात आणि ते साधारण ६ महिन्यांचं होईपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकतं. पुष्कळदा त्याला संसर्ग झालेलाच नसतो. ६ महिन्यांनंतर पुन्हा तपासायचं सोडून त्या पिल्लावर कायमचा शिक्का मारणं मला अक्षम्य वाटतं.

याच्याही पुढची एक गोष्ट लोक विसरतात. अँटिबॉडी पॉझिटिव्ह याचा अर्थ प्रत्येक रोगात सारखा नसतो. एफआयव्ही एकदा शरीरात शिरला की जात नाही. त्यामुळे लस न घेतलेल्या मोठ्या मांजरात अँटिबॉडी खरोखर सापडल्या, तर संसर्ग आहे असंच धरायचं. एर्लिकियात, म्हणजे गोचिडांमुळे कुत्र्यांना होणाऱ्या तापात, हे गणित चालत नाही. डॉक्सिसायक्लिनचा ४ आठवड्यांचा कोर्स होतो, कुत्रा खायला लागतो, प्लेटलेट्स वर येतात, तरी अँटिबॉडी कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं राहतात. बरा झाला का हे बघायला तीच टेस्ट पुन्हा करायची, रेघ दिसली की तेच औषध पुन्हा सुरू करायचं, या प्रकाराचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. रेघ बघण्यापेक्षा कुत्रा बघा, प्लेटलेट्स मोजा, शंका उरली तर पीसीआर करा. (पीसीआर जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधतं; या बाबतीत ते अँटिजेन चाचणीच्या गोटातलं.)

उलटी चूकही होते. ताप नुकताच चढलेला असतो, अँटिबॉडी तयार व्हायच्या असतात, टेस्ट निगेटिव्ह येते आणि एर्लिकियाचा विचारच सोडून दिला जातो. अशा वेळी पीसीआर करावं, किंवा २ ते ४ आठवड्यांनी अँटिबॉडीची पातळी पुन्हा मोजावी. ती चौपट वाढली असेल तर संसर्ग ताजा आहे.

अँटिजेन चाचणीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. कुत्र्यांच्या हार्टवर्मची, म्हणजे हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींची, चाचणी मुख्यतः पूर्ण वाढलेल्या मादी कृमींचं अँटिजेन शोधते. संसर्गानंतर ५-६ महिने ती निगेटिव्हच येते; ७ महिन्यांखालच्या पिल्लात ती करण्यात अर्थ नाही. सगळे कृमी नर असतील तरीही निगेटिव्ह. शिवाय कुत्र्याच्याच अँटिबॉडी अँटिजेनला चिकटून ते झाकून टाकू शकतात, म्हणून संशय असेल तर प्रयोगशाळेत नमुना तापवून पुन्हा तपासतात.

अँटिबॉडी लसीची की रोगाची, हे ओळखता येईल अशी सोय लाळ-खुरकूत रोगात मुद्दाम केलेली आहे. विषाणू शरीरात वाढताना काही प्रथिनं बनवतो, जी त्याच्या कवचात नसतात. शुद्ध केलेल्या लसीतून ती बहुतांशी काढून टाकलेली असतात. त्यामुळे या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या तर बोट संसर्गाकडे जातं. वारंवार लस टोचलेल्या एखाद्या जनावरात त्या थोड्याफार सापडू शकतात, म्हणून हा निकाल एका गाईवरून नाही, अख्ख्या कळपावरून वाचतात.