कॅनोलाची कापणी व मळणी (कॅनडा)

कॅनडाच्या सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रेअरी (सपाट गवताळ मैदानी) प्रांतांत साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कंबाईन हार्वेस्टरने चालणारी तेलबियांची सुगी. कॅनोला ही मोहरीच्या कुळातली रेपसीडची सुधारित रूपे. दुसऱ्या महायुद्धात रेपसीडचे तेल जहाजांच्या इंजिनांना वंगण म्हणून वापरले जाई. त्यातले इरुसिक आम्ल आणि पेंडीतली ग्लुकोसिनोलेट (तिखट चवीची संयुगे) हे नकोसे घटक घटवून ते खाण्याजोगे करण्याचे काम किथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन या पैदासकारांनी केले. दोन्ही घटक कमी असलेला पहिला वाण, ‘टॉवर’, १९७४ मध्ये आला. पेरणी मे महिन्यात होते.

या सुगीतली सगळी घाई शेंगेमुळे. वाळलेली शेंग वाऱ्याने किंवा यंत्राच्या धक्क्याने तडकते आणि जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा दाणा मातीत जातो. म्हणून जुनी रीत दोन टप्प्यांची: पीक अर्धवट हिरवे असताना स्वॅदर यंत्राने कापून उंच धसकटांवर लांब ओळींत पसरायचे आणि आठवडा-दोन आठवड्यांनी कंबाईनने ओळी उचलून मळायचे. कधी कापायचे हे शेंग उघडूनच ठरते. मुख्य खोडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या शेंगांतले दाणे तळहातावर घेऊन रंग पाहतात. सुमारे ६० टक्के दाण्यांवर तपकिरी-काळी छटा आली आणि वरचे हिरवे दाणे बोटांत दाबल्यावर न चिरडता घरंगळले, की कापणीला हरकत नाही. दव असताना कापले तर शेंगा कमी फुटतात. जोराच्या वाऱ्यात मात्र ओळीच्या ओळी उडून गोळा होतात, त्यामुळे स्वॅदरमागे रूळ लावून त्या धसकटांत दाबतात.

सहज न तडकणारे वाण गेल्या दशकात रुळल्यापासून उभे पीक थेट कंबाईनने काढण्याचे प्रमाण वाढले. एक फेरी वाचते, दाणा पूर्ण भरतो. पण पीक शेतात जास्त दिवस उभे राहते आणि थंडीची धास्ती वाढते. दाण्यात ओल असताना कडक हिमतुषार पडले तर हरितद्रव्य आत अडकून राहते, तेलाला हिरवट झाक येते आणि ती काढायला कारखान्याला खर्च येतो. म्हणून धान्यकेंद्रावर १०० खाचांच्या पट्टीत दाणे भरतात, ते चिकटपट्टीवर घेऊन रुळाने चिरडतात आणि हिरवे मोजतात. पहिल्या प्रतीला २ टक्क्यांपर्यंतच चालतात.

कंबाईनची जुळवणी गव्हापेक्षा नाजूक असते. रोटर (मळणी करणारा फिरता दंडगोल) हळू आणि त्याभोवतीच्या जाळीपासूनची फट मोठी ठेवावी लागते, नाहीतर काड्यांचा भुगा होऊन चाळण्या तुंबतात. पंख्याचा वारा जरा वाढला की हलके दाणे भुसकटाबरोबर मागे जातात. नुकसान किती, याचा अंदाज चालकाच्या कॅबिनमधल्या पडद्यावर विसंबून घेणे धोक्याचे. यंत्राखाली तबक टाकून त्यात पडलेले दाणे मोजणे हाच भरवशाचा उपाय. सांडलेले बी मातीत काही वर्षे टिकते आणि पुढच्या पिकात तण म्हणून उगवते. दाणा इतका निसरडा, की ट्रकच्या फळ्यांतल्या बारीकशा भेगांतूनही धार लागते. त्यामुळे सुगीआधी फटी टेपने किंवा फोमने बुजवणे हे ठरलेलेच काम.

मळणी झाली तरी काळजी संपत नाही. विक्रीसाठी १० टक्के ओलावा कोरडा मानला जातो, पण दीर्घ साठवणीला ८ टक्के आणि १५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान बरे. नवे दाणे कोठीत भरल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत श्वसन करतात, उष्णता आणि ओल सोडतात. पत्र्याच्या गोल कोठीच्या मध्यभागी ती साचली तर माल करपतो, प्रसंगी पेटतोही. म्हणून पंखे चालू ठेवतात, कोठीत सोडलेल्या तापमान मोजणाऱ्या तारा तपासतात आणि कोठीतला काही भाग काढून पुन्हा वरून भरतात, म्हणजे मधला गरम गाभा मोडतो.