साठ व्होल्ट, सहा तास, एक चकती

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतींना पावसाळा सरला की पांढरी भुकटी फुलून यायची. "लोणा लागला," म्हणत आजी ती केरसुणीने झाडून टाकायची. आमचे गुजराती शेजारी तिला लूणो म्हणतात. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, वाळतं आणि सोबतचे क्षार मागे ठेवतं. गिलाव्याचे पोपडे पडतात, पण विटेच्या भिंतीत गंजण्यासारखं काही नसतं. आता वडोदऱ्यात जुने वाडे पाडून आरसीसीच्या इमारती उभ्या राहतायत. त्यांच्या पोटात सळया आहेत, आणि तिथवर मीठ पोचलं तर केरसुणीचा काही उपयोग नाही.

चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा ते तेराच्या घरात असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच तिला गंजापासून राखतो. मिठातला क्लोराइड आयन हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतो. गंज लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट आतून तडकतं आणि त्याची ढलपी सुटते. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते ती ही की क्लोराइड या क्रियेत संपत नाही. गंज तयार झाला की तो मोकळा होऊन पुन्हा कामाला लागतो.

म्हणून प्रयोगशाळेत विचारायचा प्रश्न साधा आहे: हे काँक्रीट मिठाला किती अडवतं? उत्तर मात्र वेळखाऊ. जुन्या पद्धतीत काँक्रीटच्या लादीवर ३ टक्के मिठाचं पाणी ९० दिवस साठवून ठेवत, मग थराथराने भुकटी काढून तिच्यातला क्लोराइड मोजत. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या पुलांचे स्लॅब सडत होते आणि कुणालाच तीन महिने थांबायला वेळ नव्हता. १९८१ मध्ये डेव्हिड व्हायटिंग यांनी तिथल्या महामार्ग प्रशासनासाठी विजेची चाचणी बसवली. आमच्याकडे सगळे तिला आरसीपीटी म्हणतात, म्हणजे रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट.

१०० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यातून ५० मिलिमीटर जाडीची चकती कापायची. तिच्या कडेला इपॉक्सी लावायचं. मग निर्वात पात्रात तीन तास ठेवून छिद्रांतली हवा ओढून घ्यायची, पंप चालू असतानाच उकळून गार केलेलं पाणी आत सोडायचं आणि चकती साधारण अठरा तास त्यात बुडवून ठेवायची. ही तयारी कंटाळवाणी आहे, पण इथे घाई केली तर पुढचा आकडा फुकट जातो. नंतर चकतीच्या एका बाजूला ३ टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड, आणि दोन्हींमध्ये ६० व्होल्ट. मिठाच्या बाजूला ऋण टोक जोडतात, म्हणजे ऋणभारित क्लोराइड तिथून पलीकडे ढकलला जातो. सहा तास दर अर्ध्या तासाने प्रवाह टिपायचा.

एकूण किती विद्युतभार गेला ते कूलंबमध्ये मोजतात. सरासरी १०० मिलिअँपिअर प्रवाह सहा तास, म्हणजे २१,६०० सेकंद, वाहिला तर २,१६० कूलंब होतात. आकडा ४,००० च्या वर गेला तर काँक्रीट मिठाला सहज वाट देणारं, १,००० च्या खाली आला तर फारच चिवट.

पण आपण मोजली ती वीज. छिद्रांतल्या पाण्यातून सगळेच आयन वीज वाहून नेतात, त्यात क्लोराइडचा वाटा किती हे यंत्राला कळत नाही. गंजरोधक म्हणून कॅल्शियम नायट्राइट घातलं असेल तर काँक्रीट आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. सच्छिद्र काँक्रीट प्रवाहाने तापतं आणि तापलं की प्रवाह आणखी वाढतो. म्हणून मला या चाचणीची बहीण जास्त आवडते: विजेनेच क्लोराइड आत ढकलायचा, मग चकती उभी फोडून ताज्या भेगेवर सिल्व्हर नायट्रेट फवारायचं. मीठ पोचलं तिथवर पांढरं, पुढे तपकिरी. पट्टी लावून खोली मोजता येते.

राखेच्या, म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या, काँक्रीटची चाचणी २८ दिवसांनीच उरकू नये. राख चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि छिद्रं बुजवते. त्याच काँक्रीटची चकती ९० दिवसांनी बरीच सरस निघते, अर्थात सुरुवातीला पाणी नीट मारलेलं असेल तर.

आरसीपीटी बाहेरून येणाऱ्या मिठाबद्दल बोलते. कालवतानाच आत घातलेल्या मिठाबद्दल तिला काही सांगता येत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बांधकामावर बोअरचं पाणी वापरताना पाहिलं, जिभेला मचूळ लागलं, म्हणून बाटली भरून प्रयोगशाळेत नेली. पोटॅशियम क्रोमेट घालून ब्युरेटमधून तेच सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडलं. पिवळं पाणी विटकरी व्हायला इतका वेळ लागला की मर्यादा ओलांडली गेल्याचं आकडेमोडीआधीच कळलं. संध्याकाळी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर आला, पण दोन मजल्यांचे कॉलम त्याआधीच भरून झाले होते. त्यांना आता भोक पाडून भुकटी काढावी लागेल आणि घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा पाळली गेली की नाही हे तपासावं लागेल.