बौद्धिक दिव्यांगांचं घरकुल नेमकं कुठे अडतं?

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं ते १९५३ च्या नागपूर करारामुळे. वर्षातून एकदा तरी सरकारनं विदर्भात येऊन बसावं, इथलं ऐकावं, हा त्यामागचा हेतू. दिव्यांगांच्या घरांचा विषय इथे निघाला की बोलणं बहुतेक वेळा टक्क्यांभोवती फिरतं. पाच टक्के घरं राखली का, नसतील तर का नाही? प्रश्न रास्तच आहे. पण बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हातापायांवर ताबा नसणं) असलेल्या, वयानं मोठ्या झालेल्या माणसाचं घर या टक्क्यांपर्यंत पोचायच्या आधीच अडतं. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला जुने लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. मनोरुग्णांसाठीच्या १९१२ च्या कायद्यात मनोरुग्ण आणि जन्मापासून बुद्धीनं मंद असलेला माणूस, दोघांना एकाच व्याख्येत बसवलं होतं. घरी सांभाळणं झालं नाही तर दोघांसाठी जागा एकच. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्व या व्याख्येतून वगळलं. हे योग्यच झालं, कारण तो आजार नव्हेच. मात्र रुग्णालयाचं दार बंद झालं तेव्हा दुसरं कुठलं उघडलं नव्हतं.

विदर्भाला अशा नाकारलेल्या माणसांना जागा देण्याची मोठी परंपरा आहे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. गावानं बाहेर काढलेल्यांचं तिथे अख्खं गाव झालं. या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण त्यातून एक सवयही लागली, असं मला वाटतं. दिव्यांगाचं घर म्हणजे कुणा थोर माणसानं चालवलेली संस्था, हे आपण धरूनच चाललो. शासनानंही तेच धरलं.

कायद्यात घराचा उल्लेख आला तो १९९५ च्या दिव्यांग व्यक्ती कायद्यात. दिव्यांगांना घरासाठी सवलतीच्या दरात, प्राधान्यानं जमीन द्यावी असं त्यात होतं. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा खास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती आली आणि अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायचा अधिकार तिला मिळाला. प्रौढांना आयुष्यभर राहता यावं म्हणून न्यासानं पुढे ‘घरौंदा’ योजनाही आणली, पण ती नोंदणीकृत संस्थांमार्फतच चालते. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यातूनच निघाला. त्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येणार नाही. कलम ३७ मध्ये घरं आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण आहे, त्यातही दिव्यांग स्त्रियांना अग्रक्रम. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रानं वेगळा दिव्यांग कल्याण विभाग केला.

एवढं सगळं असून गावात काय होतं? शहरात म्हाडाच्या सोडतीत दिव्यांगांचा गट असतो, त्यात माणूस स्वतःच्या नावानं अर्ज टाकतो. खेड्यात घर मिळतं ते घरकुल योजनेतून, आणि तिथे मोजलं जातं ते कुटुंब. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेची पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून निघाली. त्या जनगणनेत वंचिततेचा एक निकष होता : घरात दिव्यांग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही. नीट वाचा हे. म्हणजे माय साठीला आली तरी निंदणाला जाते, हातपाय चालतात, तोवर ते घर या निकषात बसत नाही. ती अंथरुणाला खिळली की बसेल.

दुसरी अट पक्क्या घराची. पक्कं घर असेल, किंवा आधी कधी घरकुल मिळालं असेल, तर नाव कटतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं जाणंयेणं आहे. तिथल्या एका घरी चौतीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि समजही लहान लेकराइतकी. डाव्या हाताची मूठ उघडतच नाही, उजव्या हाताची बोटं अंगठ्याच्या मशीनवर टेकत नाहीत. घर इंदिरा आवास या जुन्या घरकुल योजनेतलं, बापाच्या नावावर. संडास नंतर झाला, तो परसाच्या टोकाला, कारण त्याचे बारा हजार वेगळे आले आणि खोलीला लागून जागा उरली नव्हती. पावसाळ्यात चिखलातून माय त्याला काखेत धरून नेते. भिंतीतल्या खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, राशनकार्ड, निराधारचं पासबुक, सगळं तिच्यात. निराधारचे पैसे २०२५ मध्ये महिना दीड हजाराचे अडीच हजार झाले, त्याचं तिला खरंच समाधान आहे. पण मी गेलो की ती पैशाचं बोलत नाही. ती विचारते, “माह्या मांगं ह्याले कोन पाहीन?”

हाच प्रश्न शंकरबाबा पापळकर कितीतरी वर्षं शासनाला विचारताहेत. अचलपूर तालुक्यात वझ्झरला त्यांनी बेवारस दिव्यांग मुलांना वाढवलं, बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. बालगृहाच्या नियमानुसार अठरा वर्षं झाली की मुलानं बाहेर पडायचं. मतिमंद, अनाथ मुलगी अठराव्या वर्षी कुठे जाणार? त्यांनी कुणालाच जाऊ दिलं नाही आणि अशा मुलांचं अठरानंतरचं पुनर्वसन कायद्यानं व्हावं, ही मागणी लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी तिथेच आहे.

वझ्झरची मुलं अनाथ, हा मुलगा मायच्या कुशीतला. अडचण मात्र एकच आहे. अठरापर्यंत शाळा आहे, बालगृह आहे. त्यानंतर घराच्या हिशेबात स्वतंत्र माणूस म्हणून त्याची नोंद होत नाही. घरकुलाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यानं अनुदानात पन्नास हजारांची भर घालायचं जाहीर केलं, नव्यानं सर्वेक्षण झालं, जागा नसलेल्यांसाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पैशाच्या वाटा आहेत. सभागृहात खरं तर हे विचारायला हवं की पक्क्या घरात राहणाऱ्या प्रौढ बौद्धिक दिव्यांगाला वेगळं कुटुंब मानणार का? जुन्याच घराला लागून संडास, उतार आणि सोबतीच्या माणसासाठी खोली बांधायला पैसा देणार का? तालुक्याला चार-सहा जणांचं एक घर आणि तिथे पगारी मदतनीस, हे कुणाच्या अंदाजपत्रकात बसेल? खोली बांधून भागत नाही, त्याला सकाळी तोंड धुऊन देणारं कुणी लागतं.

यवतमाळच्या त्या घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, अजून बापाचंच नाव आहे. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला भाऊ पुण्याला असतो, वारस तोही आहे. धाकट्याच्या हिश्शाचं काही करायचं तर त्याच्या वतीनं सही करणारा पालक लागतो, म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही जिल्हा समितीकडे द्यायचा अर्ज भरायला बसलो. पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, यावर माय बराच वेळ गप्प होती. मग तिनं स्वतःचंच नाव लिहायला सांगितलं. पुढे वयाचा रकाना होता. तिथे मी ६८ लिहिलं.