पेटी, बोटं आणि फडक्यातला सब्जा

माझ्या आत्याने गेल्या श्रावणात पेटी माळ्यावर टाकली. वय 68, भजनी मंडळात 30 वर्षं पेटीची साथ. नखांजवळच्या सांध्यांवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी आल्या, एक्स-रे निघाला, संधिवात ठरला आणि नातेवाइकांनी निकाल दिला, "गादी झिजलीय, वाजवशील तेवढी आणखी झिजेल." सायकलच्या ब्रेकचं रबर झिजतं, तसला हिशोब. पण ती गाठ म्हणजे झीज नव्हेच, उलट सांध्याच्या कडेला नव्याने वाढलेलं हाड आहे. 18व्या शतकातले लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांच्या नावाने ती ओळखली जाते.

(आमवात हा निराळा आजार. त्यात प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते, सकाळी बोटं तासभर आखडून राहतात. नखाजवळचे सांधे मात्र सहसा वाचतात. आमवातात औषध लवकर सुरू करणं महत्त्वाचं.)

आता गादीकडे, म्हणजे कूर्चेकडे येऊ. बोटातली कूर्चा जेमतेम मिलिमीटरभर. तिला ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. वजनाच्या 70 ते 80 टक्के नुसतं पाणी. एवढ्या पाण्याची वस्तू भार कशी पेलते?

मूठभर सब्जा मलमलीच्या फडक्यात आवळून बांधा आणि पाण्यात टाका. सब्जा फुगू बघतो, फडकं फुगू देत नाही, आणि पुरचुंडी टणक होते. कूर्चेत फडकं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी आणि सब्जा म्हणजे ऍग्रिकन नावाचे अवाढव्य रेणू. त्यांच्या फांद्यांवर ऋण विद्युतभार खच्चून भरलेला असतो. तो तोलायला सोडियमचे धन आयन आत गोळा होतात, आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा खारट होतं आणि परासरणाने पाणी आत ओढलं जातं. वातावरणाच्या दाबाच्या एक-दोन पट दाब नुसत्या या फुगण्याने तयार होतो.

आता पट्टी दाबा. कूर्चेतल्या पाण्याला पळायचं असतं, पण जाळीची भोकं काही नॅनोमीटरची, त्यामुळे ते लगेच निसटू शकत नाही. सुरुवातीचा बहुतेक भार हे कोंडलेलं पाणीच उचलतं आणि दोन पृष्ठभाग बर्फावर बर्फ घसरावा त्याहून सहज घसरतात. बोट उचललं की पाणी परत आत. या हालचालीनेच सांध्यातलं वंगण ढवळलं जातं आणि कूर्चेला पोषण मिळतं. पण दाब धरूनच ठेवला, तर पाणी हळूहळू झिरपून जातं, भार तंतूंवर येतो आणि घर्षण वाढतं. संधिवातात फडकंच विरलेलं असतं, म्हणून हे सगळं लवकर घडतं. आणि ते विरायला कूर्चेतल्या पेशींनी सोडलेली विकरंही (एन्झाइम) कारण असतात, निव्वळ घासणं नव्हे.

म्हणजे खरा त्रास धरून ठेवण्यात आहे, वाजवण्यात तितकासा नाही. अंगठ्याचं उदाहरण घ्या. चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी साधारण 12 किलोचा भार येतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, तोच प्रकार : स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतात, जोर लागतो लांब टोकाला. सतारीच्या दांडीमागे आवळलेला डावा अंगठा किंवा व्हायोलिनचा गज घट्ट धरणारा उजवा अंगठा म्हणूनच आधी कुरकुरतो. गजाची मूठ थोडी जाड केली की चिमूट सैल पडते.

तांब्याच्या कड्याबद्दल विचारणारे भेटतातच. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये संधिवातावर आणि 2013 मध्ये आमवातावर तांब्याची आणि चुंबकाची कडी तपासली. खोट्या कड्यांपेक्षा जास्त गुण आला नाही. आत्याने तिचं कडं काढून ठेवलंय, पण यॉर्कवाल्यांमुळे नाही. ते भात्यावर आपटून खटखट करायचं.

दिवाळीनंतर पेटी खाली आली. भात्याची कड ती आता चिमटीत धरत नाही, तळव्याने ढकलते. आधी कोमट पाण्यात हात, मग दहा मिनिटं वादन, मग हात मोकळे. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी पेटी उघडायची नाही, हे मात्र ती पाळते. लांब धरलेला सा अजून सोडवत नाही तिला. मी काही बोललो की म्हणते, "अरे, गाणारा थांबलाय ना तिथं!"